फोर्ट ते पार्ले, फोनच्या तारेवरून

नेटवर्किंगला नव्याने लागलेल्या पोरांना मी हा जुना किस्सा मुद्दाम सांगतो. साल १९९९. फोर्टमधल्या एका सीएंना रात्री पार्ल्याच्या घरून ऑफिसच्या फायली हव्या होत्या. दोन्हीकडे विंडोज ९८, एमटीएनएलचा फोन आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेले मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा फोनच्या तारेवरून पाठवणारी यंत्रं. मी म्हटलं, तासाभराचं काम. तीन रविवार गेले.

सेटिंग सोपं होतं. ऑफिसच्या पीसीवर विंडोजच्या सीडीतून डायल-अप सर्व्हर, म्हणजे आलेला फोन उचलून समोरच्याला पीसीत घेणारा प्रोग्राम, टाकला, 'अलाऊ कॉलर ॲक्सेस' चालू करून पासवर्ड दिला, फोल्डर शेअर केलं. दोन्हीकडे नेटबीईयूआय, म्हणजे दोन पीसींनी आपसात बोलायची भाषा (प्रोटोकॉल). घरून नंबर लावला तर 'नो डायल टोन'. रिसीव्हर कानाला लावला, टोन खणखणीत! आपल्याकडचा टोन मोडेमच्या ओळखीचाच नव्हता. 'वेट फॉर डायल टोन'ची टिक काढली, नंबर लागला.

मग नवं दुखणं. लाइन जुळायची आणि मिनिटभरात तुटायची. मी दोन्हीकडची विंडोज पुन्हा टाकली, शुद्ध गाढवपणा. ऑफिसात बसवलेला मित्र जेवायला गेला आणि लाइन अर्धा तास टिकली, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तो 'बघू काय झालं' म्हणत माऊस हलवायचा. माऊस कॉम १ या पोर्टवर, मोडेम कॉम ३ वर, आणि दोघांचा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) एकच, ४. माऊस हलला की मोडेमची हाक अडायची. मोडेमचे जंपर (कार्डावरच्या पिनांवरच्या छोट्या टोप्या) बदलून कॉम ४, आयआरक्यू ३ केला. म्हणून सांगतो, आधी लाइन, मग पोर्ट, आणि विंडोजला हात सगळ्यात शेवटी.

मोडेमच्या खोक्यावरच्या ५६के (सेकंदाला ५६ किलोबिट) वर जाऊ नका. तो वेग समोरचा सर्व्हर टेलिफोन एक्स्चेंजला डिजिटल जोडलेला असेल तरच. दोन साध्या मोडेममध्ये जास्तीत जास्त ३३.६. फ्लॉपीभर झिप फाइलला सहा-सात मिनिटं. साहेब म्हणाले, "अरे, त्यापेक्षा मी फ्लॉपी खिशात घालून आणीन की!" पण वापरायला लागले.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नव्हती. सर्व्हर चालू असला की येणारा प्रत्येक फोन मोडेमच उचलतो. सोमवारी साहेबांच्या एका अशिलाने विचारलं, "तुमच्या ऑफिसात फोन केला की कोण किंचाळतं हो?" तेव्हापासून शिपाई रात्री आठला, निघताना, सर्व्हर चालू करायचा आणि सकाळी आल्या आल्या बंद.