काळ्या मातीतील हिरवळीची निगा

दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली काळी माती कापसाला आणि ज्वारीला उत्तम मानवते. मात्र त्याच मातीच्या अंगणात हिरवळ राखायची असेल, तर आधी मातीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. या मातीतील चिकण कण ओले झाले की फुगतात आणि सुकले की आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही, तर एप्रिल-मे महिन्यांत जमिनीला पडणाऱ्या भेगा तीच मुळे ताणून तोडतात. अशा जमिनीत मला हरळीचीच हिरवळ सर्वांत भरवशाची वाटते. शेतकरी जिला शेतातून हद्दपार करण्यासाठी वर्षानुवर्षे झटतो, तिच्या अंगचा चिवटपणा येथे आपल्या कामी येतो. तिला फक्त दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते आणि कितीही खत घातले तरी तेथे टिकत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाफसा, म्हणजेच माती चिखलटही नाही आणि पार कोरडीही नाही अशी कामाजोगी ओल. ओल्या काळ्या मातीवर चालणे, यंत्र फिरवणे किंवा खुरपणे म्हणजे मातीतील पोकळ्या आपल्याच हाताने बुजवणे होय. वाफसा ओळखण्यासाठी चार बोटे खोलवरची मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. तो फुटून भुगा झाला तर काम सुरू करावे; भाकरीच्या पिठासारखा चपटा होऊन बसला तर आणखी दोन दिवस थांबावे. भुसभुशीतपणा आणण्यासाठी जमिनीतून मातीची छोटी नळकांडी उपसून काढणारे पोकळ दातांचे अवजार वापरावे. टोकदार खिळ्यांचे अवजार ओलसर चिकणमातीत भोक पाडते खरे, पण त्या भोकाच्या भिंती दाबून अधिकच घट्ट करते. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला, चांगल्या उघडिपीत करावे, कारण तेव्हा हरळी जोमाने वाढत असते आणि जखमा लवकर भरून येतात. त्यानंतर बारीक चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत अर्धा सेंटिमीटर जाडीने पसरून खराट्याने भोकांत सारावे. गवताची पाती वर दिसत राहिली पाहिजेत.

येथे दोन चुका वारंवार होताना दिसतात. पहिली म्हणजे चार पाट्या वाळू मिसळून माती हलकी होईल असे मानणे. वाळूचे प्रमाण मातीच्या निम्म्याहून बरेच अधिक असल्याशिवाय चिकण कण तिला गिळून टाकतात आणि उलट विटेसारखा थर तयार होतो. दुसरी म्हणजे काळ्या जमिनीवर लाल मातीचा थर नुसता अंथरून त्यावर गवत लावणे. दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडते आणि मुळे वरच्याच थरात राहतात. नवी हिरवळ लावताना वीस सेंटिमीटरपर्यंत खणून शेणखत मिसळावे आणि दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार घराच्या उलट दिशेला द्यावा.

पाणी देताना घाई उपयोगाची नाही, कारण ही माती तासाला काही मिलिमीटर एवढेच पाणी मुरवू शकते. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 25 ते 35 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला तितकेच लिटर पाणी लागते. ते आठवड्यातून दोनदा विभागून आणि प्रत्येक वेळी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत, पहाटे द्यावे. चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहिले आणि गवतावर निळसर करडी झाक आली, की तहान लागली असे समजावे. भेगा बोटभर रुंद होण्यापूर्वीच त्यांत चाळलेले खत भरावे.

हरळी तीन ते चार सेंटिमीटर उंचीवर राखावी आणि एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक पाती कापू नयेत. वाढीच्या काळात महिन्या-दीड महिन्यातून एकदा शंभर चौरस फुटांना शंभर ग्रॅम युरिया पुरतो. माती चुनखडीची असल्यास त्याऐवजी सव्वादोनशे ग्रॅम अमोनियम सल्फेट अधिक चांगले. दोन्ही खते दिल्याबरोबर पाणी सोडावे, नाहीतर नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. नत्र देऊनही कोवळी पाती शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील, तर ती लोहाची कमतरता असते. लोह मातीत असते, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. म्हणून लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी संध्याकाळी करावी आणि फरशीवर उडालेले थेंब लगेच धुवावेत, कारण त्यांचे तांबूस डाग पुढे निघत नाहीत. जिप्सम मात्र माती परीक्षणात सोडियम जास्त आढळला तरच टाकावे.

तणांपैकी लव्हाळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्याची दांडी हाताने दाबून पाहिली की त्रिकोणी लागते. ती नुसती उपटली तर जमिनीतील गाठी मागे राहून पुन्हा फुटतात, म्हणून वाफशावर लांब पात्याच्या खुरप्याने गाठींसह खोलवर काढावी आणि गाठी खताच्या खड्ड्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवाव्यात.