व्हेप (ई-सिगारेट) विकताना सुरक्षेची माहिती देण्यातल्या या चुका टाळा

खोक्यात बारीक अक्षरांचा कागद घातला की जबाबदारी संपली, असं उत्पादक धरून चालतात, आणि तो कागद आहेच म्हणून विक्रेते गप्प राहतात. ग्राहक मात्र तो कागद खोक्यासोबत टाकून देतो. जे सांगायचं ते काउंटरवर, वस्तू दाखवत सांगायला हवं.

सुटा सेल (व्हेपची बॅटरी) तसाच हातात देणं. सर्वांत धोकादायक चूक हीच. १८६५० सेलचा (व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी) बाहेरचा धातूचा डबा ऋण टोकाला जोडलेला असतो. वरच्या बाजूला धन टोक आणि डब्याची कड यांच्यात जेमतेम एक चकती आणि पातळ प्लास्टिकचं वेष्टन असतं. वेष्टन फाटलं, किंवा खिशातल्या किल्ल्यांनी दोन्ही टोकं जोडली गेली, की शॉर्ट सर्किट होतं. एका मर्यादेपलीकडे तापलेला सेल आतल्या रासायनिक क्रियेमुळे स्वतःच आणखी तापत जातो. म्हणून प्रत्येक सुट्या सेलसोबत प्लास्टिकची डबी द्यावीच, आणि तीही मोफत. वेष्टनाला चीर दिसली तर नवं चढवेपर्यंत तो सेल वापरायचा नाही, हे सेल दाखवूनच सांगावं. मुळात अनेक सेल उत्पादक हे सेल सुटे विकण्यासाठी बनवतच नाहीत. ते संरक्षक सर्किट असलेल्या बॅटरी पॅकसाठी असतात. हेही ग्राहकाला कळायला हवं.

अँपिअरचा हिशेब न सांगणं. सर्किट नसलेल्या मेकॅनिकल मॉडमध्ये (बॅटरी थेट कॉइलला जोडणारं व्हेप उपकरण) प्रवाहाला लगाम घालणारं काहीच नसतं. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट देतो. त्याला कॉइलच्या (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या) ओहमने भागायचं, की प्रवाहाचे अँपिअर मिळतात. ०.५ ओहमला ८.४ अँपिअर होतात, पण ०.१५ ओहमला २८. सेलची सततची क्षमता २० अँपिअर असेल तर हा जोड विकूच नये. दोन सेल एकापुढे एक जोडले तर व्होल्ट ८.४ होतात, म्हणजे ०.३ ओहमलाही २८ अँपिअर. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा अनेकदा क्षणभराच्या प्रवाहाचा असतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकातला सततचा आकडा पाहावा. नवख्या माणसाला मेकॅनिकल मॉड देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘कोणताही चार्जर चालेल’ म्हणणं. अंगभूत बॅटरीच्या उपकरणावर किती व्होल्ट आणि अँपिअर लागतात ते लिहिलेलं असतं, तोच चार्जर सुचवावा. रात्रभर किंवा अंथरुणावर चार्जिंग करू नये, फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि कचऱ्यात टाकू नये. ती परत घेण्याची सोय दुकानात हवी.

लिक्विड आणि उपकरणाची जोडी न तपासणं. ५० मिग्रॅ/मिली निकोटीन सॉल्टचं (निकोटीनच्या क्षाराचं) लिक्विड कमी वाफेच्या पॉडसाठी (छोट्या व्हेपसाठी) असतं. तेच भरपूर वाफ काढणाऱ्या सब-ओहम (एक ओहमपेक्षा कमी कॉइलच्या) टाकीत भरलं, तर मळमळ, चक्कर, धडधड सुरू होऊ शकते. निकोटीन त्वचेतूनही शोषलं जातं. सांडल्यास लगेच साबण-पाण्याने धुवावं, लहान मुलाच्या पोटात गेल्यास वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

विमानप्रवासाबद्दल न बोलणं. जिथे व्हेप नेण्याची परवानगी आहे तिथेही उपकरण आणि सुटे सेल फक्त हातातल्या सामानात न्यायचे, चेक-इन बॅगेत नाही. विमानात चार्जिंग करायचं नाही.

तक्रार आली की फक्त उपकरण बदलून देणं. बॅच क्रमांक, सेलचा प्रकार, कॉइलचे ओहम आणि वापरलेला चार्जर लिहून घ्यावा, फोटो काढावेत आणि ते उत्पादकाला कळवावं. उत्तर येईपर्यंत त्या बॅचची विक्री थांबवावी.