जुन्या रोल्स-रॉईसची गोष्ट खरी की पुडी, कसं ओळखायचं

जुन्या गाडीचा फोटो आणि खाली "१९०४ ची सिल्व्हर घोस्ट" असं काहीतरी लिहिलेलं आलं की फॉरवर्ड करायच्या आधी साल बघा, निम्म्या पुड्या तिथेच फुटतात. रोल्स आणि रॉईस पहिल्यांदा भेटले तेच ४ मे १९०४ ला, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात. तोपर्यंत रॉईसची दोन सिलिंडरची १० एचपी गाडी नुकतीच रस्त्यावर आलेली, १ एप्रिलला. गाड्यांना दोघांचं नाव लावायचा करार झाला डिसेंबर १९०४ मध्ये, कंपनी झाली मार्च १९०६ मध्ये, आणि ज्या मॉडेलला आपण सिल्व्हर घोस्ट म्हणतो ते लोकांनी बघितलं नोव्हेंबर १९०६ च्या लंडनमधल्या ऑलिम्पिया शोमध्ये. मग १९०४ ची कुठून आली?

पुढचं, कोणाच्या नावावर काय खपवलंय ते बघा. "रोल्सने इंजिन बनवलं" असं वाचलं की समजायचं लिहिणाऱ्याने फार वाचलेलं नाही. रोल्स लॉर्डचा मुलगा, लंडनमध्ये गाड्या विकायचा. इंजिन, गिअर, बारीक काम सगळं हेन्री रॉईसचं, जो गिरणीवाल्याचा मुलगा, लहानपणी पेपर विकलेला, नंतर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर डायनामो आणि इलेक्ट्रिक क्रेन बनवायचा. आणि क्लॉड जॉन्सनचं, म्हणजे रोल्सच्या धंद्यातल्या भागीदाराचं आणि पुढे कंपनी चालवणाऱ्याचं, नावच नसेल तर तो इतिहास अर्धवट आहे, माझ्या मते कंपनी उभी राहिली ती या माणसामुळे. रोल्स तर १२ जुलै १९१० ला बोर्नमथला विमान कोसळून गेला, त्यामुळे त्यानंतरच्या कुठल्याही किश्श्यात तो स्टिअरिंगवर बसलेला असेल तर सोडून द्या.

आता नाव, इथेच जास्त घोळ होतो. मॉडेलचं नाव ४०/५० एचपी. 'सिल्व्हर घोस्ट' ही त्यातली एकच गाडी, चॅसिस (म्हणजे गाडीचा सांगाडा) नंबर ६०५५१, नंबर प्लेट एएक्स २०१, रंग चंदेरी, पार्ट्सना चांदीचा मुलामा, आणि हे नाव जॉन्सननेच दिलेलं. १९०७ मध्ये तिला जवळपास १५,००० मैल पळवली आणि तिथून तिचं नाव झालं. पुढे १९२५ मध्ये फँटम हे नवं मॉडेल आलं तेव्हा जुन्या सगळ्या ४०/५० ना सरसकट सिल्व्हर घोस्ट म्हणायला लागले. म्हणून कोणी "ओरिजिनल सिल्व्हर घोस्ट" म्हणाला की चॅसिस नंबर विचारायचा, कारण ४०/५० च्या एकूण ७,८७४ गाड्या बनल्या, त्यातल्या १,७०१ अमेरिकेत स्प्रिंगफील्डला.

चॅसिस नंबरच का, तर कंपनी तेव्हा इंजिन आणि चॅसिस द्यायची, बॉडी गिऱ्हाईक बार्कर, हूपर अशा कोचबिल्डरकडून करून घ्यायचा. त्यामुळे एकाच वर्षीच्या दोन गाड्या अजिबात सारख्या दिसत नाहीत, आणि पुढे कोणी जुनी बॉडी काढून नवी चढवली की दिसण्यावरून साल सांगणं म्हणजे अंदाजपंचेच. बॉडीचं साल वेगळं, चॅसिसचं वेगळं, दोन्ही विचारा. कारखान्यावरूनही थोडं कळतं, १९०८ पासून काम मँचेस्टरहून डर्बीला गेलं, त्यामुळे "डर्बीत बनलेली १९०६ ची गाडी" हे जमत नाही.

बॉनेटवरची बाई, म्हणजे 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी' ही छोटी मूर्ती, १९११ ची, चार्ल्स साईक्सने केलेली. लोक रेडिएटरवर काहीही चित्रविचित्र बसवायला लागले होते, ते बघून जॉन्सनने ती करून घेतली. १९०७ च्या गाडीवर ती दिसली तर नंतर लावलेली आहे एवढंच, गाडी खोटी ठरत नाही, आणि तेव्हा ती सक्तीची नव्हती म्हणून १९१२ च्या गाडीवर नसली तरी बिघडत नाही.

राहिला रेडिएटरवरचा 'RR' अक्षरांचा बिल्ला. रॉईस १९३३ मध्ये गेला म्हणून लाल अक्षरं काळी केली, ही गोष्ट ऐकायला छान वाटते पण रंग बदलायचं तो जिवंत असतानाच ठरलेलं. लाल अक्षरं म्हणजे साधारण १९३३ च्या आधीची गाडी एवढं धरायला हरकत नाही, फक्त बिल्ला दोन मिनिटांत बदलता येतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.