बीपी खाली आलं, पण नुसत्या गोळीनं नाही

मागच्या हंगामात बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी खाल्ली आणि माझं बीपी 160/100 वर जाऊन बसलं. गोळी सुरू केली, तरी 150 च्या खाली येईना. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीण बाईंनी दंडाचा पट्टा सोडता सोडता विचारलं, "झोप किती? खर्रा किती?" झोप तीन तास, तंबाखू-सुपारीचे खर्रे पाच. मिठाचं त्यांनी विचारलंच नाही, नाहीतर आमच्या घरचं लोणचंही निघालं असतं!

रात्री दोनला डोळा उघडायचा, अन् सोसायटीच्या कर्जाचा हिशोब सुरू. बाई म्हणाल्या, काळजीत शरीर अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं; वाघ समोर आल्यासारखं काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात. खर्र्यातलं निकोटिन तेच करतं. म्हणजे मी दोन्हीकडून स्टार्टर दाबत होतो.

कर्जाचं घरी लपवलं होतं. एका रात्री चुलीजवळ बसून बायकोला सांगून टाकलं. ती भाकर उलटत म्हणाली, "मले माईत होतं जी. तुमी सांगाल म्हनून थांबली होती." त्या रात्री पाच तास झोपलो.

खर्रा सुटायला दोन महिने गेले, त्यातही एकदा पोळ्याच्या दिवशी घसरलोच. आता खिशात फुटाणे असतात. संध्याकाळी वावरातून पायी येतो, पारावर तासभर बसतो.

गोळी चालूच आहे, मनानं बंद केली नाही. परवाचं बीपी 132/84. कर्ज आहे तेवढंच आहे.