ब्रीदरची टाकी बसवायच्या आधी गवंड्याचा लेव्हल पाईप आणा

लातुरात औसा रोडला माझं गॅरेज आहे. सोयाबीनचा पैसा हातात आला की गावाकडच्या डिझेल गाड्या कामाला येऊ लागतात आणि त्यातल्या एखाद्याचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं, "मिस्त्री, टर्बोच्या पाईपातून तेल गळू लालंय. ती टाकी का काय म्हणतेत, ती बसवून टाका."

टाकी म्हणजे ऑइल कॅच टँक. पिस्टनच्या रिंगा कितीही धड असल्या तरी सिलिंडरातला थोडा वायू पिस्टनच्या कडेनं खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. तिथं तेलाचे बारीक थेंब त्यात मिसळतात आणि हे मिश्रण ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या, नळीतून बाहेर येतं. विहिरीवरच्या जुन्या इंजिनाची नळी उघडीच असायची, तेल मातीत ठिबकायचं. कारमध्ये ती एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाईपाला जोडलेली असते, म्हणून तेल टर्बोतून इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत, जाऊन बसतं. टाकी त्या वाटेत बसवायची. तेल खाली राहतं, वायू पुढं जातो.

ऐकायला सोपं आहे. मीही सोपंच समजलो होतो. माझ्या जुन्या डिझेल जीपला मी हाताशी होता तो गॅसचा बारीक पाईप लावून टाकी जोडली. तुळजापूरहून परतताना डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, आपोआप वर आली, बॉनेटखाली सगळीकडं तेल. घरी आल्यावर कळलं, क्रँकचं मागचं सीलही गळू लागलंय. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिनाचा श्वास मीच दाबला होता, दोष कुणाला देणार?

म्हणून टाकी आणायच्या आधी तीन गोष्टी बघा. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर आहे का? मग आधी ते काढा. एअर फिल्टर चोंदलाय का? आपल्याकडं काळ्या मातीच्या धुरळ्यानं तो लवकर चोंदतो. मग टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ब्रीदरमधून तेल जास्त खेचलं जातं. नुसता फिल्टर बदलून गळती निम्म्यावर आलेल्या गाड्या मी बघितल्यात. तिसरं, चेंबरमधला दाब.

दाब मोजायला गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप घ्या. दोन्ही टोकं वर, असा यू आकार करून भिंतीला बांधा. झोळ मीटरभर तरी खोल ठेवा, म्हणजे इंजिनानं पाणी ओढून घ्यायचं भ्या नाही. अर्धा पाणी भरा. डिपस्टिक काढून एक टोक तिच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं उघडं. इंजिन गरम झाल्यावर आयडलला आणि मग अडीच हजार आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती सेंटिमीटरचा फरक पडतो आणि कोणत्या बाजूला, ते लिहून ठेवा. टाकी बसवल्यावर हेच परत करायचं. उघड्या टोकाकडचं पाणी आधीपेक्षा वर चढलं तर तुमची टाकी किंवा नळी श्वास अडवतेय. आधीच्याच मोजणीत पाणी जोरात वर सरकलं आणि ब्रीदरची वाट मोकळी असली, तर काम रिंगांचं आहे. टाकीचा खर्च वाचला म्हणा.

आता टाकी. रस्त्यावरच्या गाडीला अर्धा ते एक लिटर पुरते. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी घ्या, पाण्याची बाटली नको. ओढीनं ती पिचकते. आत आडवा पत्रा हवाच, नाहीतर रिकाम्या डब्यातून तेलाची वाफ जशी येते तशी निघून जाते. पत्र्यावर भांडी घासायची स्टीलची घासणी सैल भरली तरी चालतं, पण बाहेरच्या तोंडाला आतून भोकांचा पत्रा वेल्डिंग करून घ्या. घासणीची एक तार टर्बोच्या पात्यात गेली तर टर्बो गेला.

होज तेलाला टिकणारा, नायट्राइल रबराचा. आतला व्यास कंपनीच्या नळीइतका किंवा जास्त, कमी कधीच नाही. बहुतेक गाड्यांत तो १६ ते १९ मिलिमीटरच्या आसपास भरतो. होजला झोळ पडू देऊ नका, तिथं पाणी आणि तेल साचून वाट बंद होते. टाकी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब, थंड जागी बसवा. प्रत्येक जोडाला क्लिप, आणि ती नीट आवळलेली. ही सगळी नळी एअर फिल्टरच्या पुढची आहे. जोड हलला की न गाळलेला धुरळा सरळ टर्बोत आणि रिंगांत. टाकीच्या तळाचा, तेल काढायचा कॉक सैल राहिला तरी तेच.

पेट्रोल गाडीत हाच वायू इंजिनात परत सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. टाकी तो व्हॉल्व्ह आणि हवा आत घेणारा इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये. व्हॉल्व्ह काढून फेकू नका. हवा कुठून आत शिरली तर आयडल वरखाली व्हायला लागतं.

काहीजण टाकीवर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडतात. रेसच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथं ब्रीदर उघडा असेल तर दोन हजार सीसीपर्यंत २ लिटरची आणि त्यावर ३ लिटरची टाकी एफआयए या जागतिक मोटररेसिंग संघटनेच्या नियमात सांगितलेली आहे. रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका. ते प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, शिवाय वास एसीतून आत येतो, पोरं मागं बसलेली असतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाडीला तर हातच लावू नका. तिथं सेन्सर आहेत आणि वॉरंटीचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा पाचशे किलोमीटरला कॉक उघडा, पुढचा हिशोब निघालेल्या तेलावरून लावा. थंडीत, त्यातही गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर, कॉफीच्या रंगाचं पाणीदार तेल निघेल. घाबरू नका, ती वाफ आहे. फक्त ते परत इंजिनात ओतायचं नाही. आणि टाकी काठोकाठ भरू देऊ नका. वळणावर ते तेल टर्बोत गेलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. मग वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं.

मागच्या दिवाळीत निलंग्याचे एक मामा आले. टाकी मीच बसवलेली, आठ दिवसांत भरायची. म्हणाले, "पाच लिटरची करून द्या की." लेव्हल पाईप लावला तर पाणी वरून बाहेर पडलं. हेड उतरवलं, पिस्टन काढले, दोन नंबरच्या पिस्टनची वरची रिंग तुटून दोन तुकडे झालेली.