ऑटोकॅडमध्ये सॉलिडची (भरीव थ्रीडी आकाराची) मापं नंतर बदलायची असतील तर

कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीची ड्रॉइंग काढणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, माप बदलणारच. म्हणून मॉडेल सुंदर दिसण्यापेक्षा ते नंतर बदलता येणं मला महत्त्वाचं वाटतं.

सुटा बॉक्स किंवा सिलिंडर असेल तर काम सोपं. तो निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, उघडलेल्या प्रॉपर्टीजच्या चौकटीत नवी उंची किंवा त्रिज्या लिहा, एंटर. लेयर आणि रंगही तिथंच बदलतात.

घोळ होतो तो सबट्रॅक्ट केल्यानंतर, म्हणजे एका सॉलिडमधून दुसरं वजा करून कापल्यावर. मी पंपाच्या एका फ्लँजला (पाइप जोडायच्या गोल कडेला) १८ मिमी व्यासाची आठ भोकं पाडली होती. दोन दिवसांनी पार्टी म्हणाली, २२ करा. फ्लँज निवडला, तर प्रॉपर्टीजमध्ये त्रिज्येचा रकानाच नाही! कुणीतरी सांगितलं, एक्स्प्लोड करून पुन्हा जोड. हा सल्ला कधीही ऐकू नका. एक्स्प्लोडनं सॉलिड सॉलिड राहत नाही, सपाट बाजूंचे रीजन आणि गोल बाजूंचे सरफेस, म्हणजे जाडी नसलेले सुटे पृष्ठभाग, होऊन पडतात. मग मी भोकं बुजवून नव्याने पाडली, त्यात पीसीडी (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) चुकला आणि अख्खी संध्याकाळ गेली.

चूक आधीच झाली होती. कमांड लाइनवर सॉलिडहिस्ट (SOLIDHIST) लिहून किंमत १ करायची असते, आणि तीही पहिला सिलिंडर काढायच्या आधी. मग सॉलिडच्या प्रॉपर्टीजमध्ये हिस्ट्रीपुढे रेकॉर्ड दिसतं आणि कापलेले मूळ आकार आत जपले जातात. तिथं नन (None) असताना सबट्रॅक्ट केलंत, तर नंतर रेकॉर्ड करूनही गेलेले आकार परत येत नाहीत. म्हणून नवं ड्रॉइंग उघडलं की मी आधी हे तपासतो, मग रेघ ओढतो.

आता कंट्रोल दाबून धरा आणि भोकावर क्लिक करा, आतला सिलिंडर निवडला जाईल. त्याऐवजी नुसती बाजूच हाती लागत असेल तर राइट क्लिक करून सबऑब्जेक्ट सिलेक्शन फिल्टरमध्ये सॉलिड हिस्ट्री निवडा. प्रॉपर्टीजमध्ये त्रिज्या ११ लिहा. २२ नव्हे, हा रकाना व्यासाचा नाही, आणि इथं नवखी मुलं हमखास चुकतात. आठही भोकांना हेच करा.

प्रॉपर्टीजमध्येच शो हिस्ट्री यस केलं तर मूळ आकार तारांसारखे दिसतात. काम झालं की नो करा. सॉलिडचे तुकडे करणारी स्लाइस कमांड मात्र अगदी शेवटी वापरा, कारण त्यानं हिस्ट्री जाते.

माप बदललं की वजनही बदलतं. घनफळ आणि मास दाखवणारी मासप्रॉप (MASSPROP) कमांड घनता १ धरते, त्यामुळे तिथला मास हा आकडा कास्टिंगचं वजन समजून फाउंड्रीला कळवू नका. घनफळ घ्या: ड्रॉइंग मिमीत असेल तर ग्रे कास्ट आयर्नसाठी त्याला साधारण ७.२ नं गुणून दहा लाखांनी भागा, वजन किलोत मिळेल.