इंजिन बांधल्यावर ऑइल गळतंय, धूर निघतोय: दोष कसा शोधावा

नव्या रिंगा, नवं पॅकिंग, होन केलेला (म्हणजे आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा पाडलेला) सिलिंडरचा बोअर, सगळं जागच्या जागी. आणि तरीही गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर निघतो किंवा सकाळी इंजिनखाली ऑइलचा डाग दिसतो. अशा वेळी लगेच पाने हातात घेऊन इंजिन पुन्हा उघडू नका. उघडलं की पुरावा पुसला जातो: कुठून गळत होतं, धूर नेमका कधी येत होता, हे मग कळत नाही. आधी बाहेरून जे तपासता येतं ते तपासा. दुचाकीचं चारस्ट्रोक, हवेवर थंड होणारं एका सिलिंडरचं इंजिन इथे गृहीत धरलं आहे. टूस्ट्रोकचं थोडं वेगळं असतं, ते पुढे येईल.

आधी ऑइलची पातळी आणि ब्रीदर

इंजिन तीनेक मिनिटं चालवून बंद करा, आणखी तितकंच थांबा आणि गाडी सपाट जागी सरळ उभी धरून डिपस्टिक पाहा. साइड स्टँडवर मोजलेली पातळी ग्राह्य नाही. काही गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते, काहींत पूर्ण बसवून. फिरवायची असताना टेकवून मोजली तर पातळी कमी दिसते आणि आपण वरून आणखी ओततो. दुसरी नेहमीची गफलत मापाची. मॅन्युअलमध्ये नुसतं ऑइल बदलताना लागणारं माप वेगळं आणि पूर्ण इंजिन उघडल्यावर लागणारं वेगळं दिलेलं असतं. फक्त हेड-ब्लॉकचं (वॉल्व्ह असलेला वरचा भाग आणि त्याखालचा सिलिंडर) काम करून दुसरं माप ओतलं की ऑइल जास्त होतं. हे जादा ऑइल ब्रीदरमधून (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी वाट) एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून इंजिन ते ओढून घेतं आणि धूर सुरू होतो. रिंगांचा यात काही दोष नसतो.

मग ब्रीदर पाइप. इंजिन चेसीत बसवताना हा पाइप हमखास कुठेतरी मुडपतो किंवा टाकीखाली दबतो. पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये दाब तयार होतो. त्याला वाट मिळाली नाही तर तो सर्वांत कमजोर सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी पाझर दिसला तर चार पॅकिंग एकदम खराब झाल्याचं समजू नका, ब्रीदर पाहा. पाइपचं डब्याकडचं टोक काढून इंजिन आयडलला (थ्रॉटल न देता संथ चालू) ठेवा आणि टोकाशी बोट धरा. हवेचे हलके धक्के लागायला हवेत. काहीच लागलं नाही तर पाइप बंद आहे. ऑइलचा धुरकट वाफारा जोरात आणि सतत येत असेल तर रिंगांमधून दाब खाली उतरतो आहे. नव्या रिंगा बसेपर्यंत थोडा वाफारा चालतो.

गळती: सर्वांत वरचा ओला ठिपका शोधा

थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करा. इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पंखांच्या फटी, स्प्रॉकेट कव्हरच्या आतली बाजू आणि चेसीचा खालचा पाइपही सोडू नका. चेनवरचं वंगण उडून मागे साचतं आणि इंजिनची गळती म्हणून फसवतं. संशयाच्या जागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरा. इंजिन मोकळ्या हवेत पाच मिनिटं चालवा, बंद करून टॉर्च आणि लहान आरशाने पाहा. मग पाच-दहा किलोमीटर चालवून पुन्हा पाहा.

ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे जिथे थेंब लोंबतो ती जागा महत्त्वाची नाही, सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जिथे पावडर काळपट झाली ती पाहा. हेड कव्हरच्या रबरी पॅकिंगमधून निघालेलं ऑइल पंखांवरून उतरून ब्लॉकच्या बुडाशी साचतं आणि ब्लॉकखालचं पॅकिंग गेल्यासारखं वाटतं. या एका गैरसमजापायी कितीतरी चांगली इंजिनं पुन्हा उघडली जातात.

हेड कव्हरला पाझर असेल तर रबर खाचेत पिळलं गेलंय का आणि बोल्टखालचे रबरी वॉशर कडक झालेत का ते पाहा. हेडच्या नटांभोवती ऑइल दिसलं तर वॉशर तपासा. बऱ्याच इंजिनांत एका स्टडच्या भोकातूनच ऑइल वर चढतं, तिथे तांब्याचा वॉशर आणि बंद तोंडाचा नट असतो. बसवताना तो साध्या नटाशी बदलला गेला की ऑइल आट्यांमधून वर येतं. हेड-ब्लॉकच्या सांध्यात पाझर असेल तर डॉवेलवरचा (दोन भाग नेमके जुळवणारी नळी) ओ-रिंग राहून गेलाय का, जुन्या पॅकिंगचा तुकडा चिकटून आहे का, आणि पृष्ठभाग सपाट आहे का, हे प्रश्न येतात. सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) ०.०५ मिमीचं पान खालून जात असेल तर पृष्ठभाग वाकला आहे. साधारण हीच मर्यादा धरतात, तरी मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना.

क्लच आणि मॅग्नेट कव्हरचा पाझर पुष्कळदा स्क्रूंच्या लांबीमुळे असतो. कव्हरला दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण कव्हर दाबत नाही. ताडून पाहायला सगळे स्क्रू भोकात नुसते सोडा: प्रत्येकाचं डोकं कव्हरपासून सारख्याच उंचीवर राहिलं पाहिजे. मग मधून बाहेर, आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करा. ६ मिमीच्या स्क्रूला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे. गळतंय म्हणून आणखी आवळणं हा उपाय नव्हे, ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि मग खरं काम वाढतं.

पुढच्या स्प्रॉकेटमागे ओलं दिसलं की सगळेजण ऑइल सील बदलतात. सीलबरोबर त्या शाफ्टवर कॉलर असते का ते पाहा. कॉलरच्या आत ओ-रिंग असेल आणि तो खराब झाला असेल तर ऑइल शाफ्ट आणि कॉलरच्या मधून येतं, नवीन सील घालूनही गळत राहतं. सील घालताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, ओठाला ग्रीस, आणि शाफ्टच्या खाचांवर चिकटपट्टी गुंडाळलेली. नाहीतर ओठ बसवतानाच कापला जातो. मॅग्नेटच्या वायरींचा रबरी बूच आणि ड्रेन प्लगचा वॉशर या दोन जागा शेवटी पाहिल्या जातात, खरं तर त्यांना सर्वांत कमी वेळ लागतो.

सीलंटबद्दल एकच: जिथे कंपनीने पॅकिंग दिलंय तिथे सीलंट नको, आणि जिथे हवं तिथे अगदी पातळ थर. आत पिळून आलेला थर सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो.

धूर: रंग सांगतो काय जळतंय, वेळ सांगते कुठून येतंय

काळा धूर म्हणजे जास्त पेट्रोल: चोक, कार्ब्युरेटर, एअर फिल्टर पाहा. थंडीत सुरू करताना निघून पाच मिनिटांत विरणारी पांढरी वाफ म्हणजे पाण्याचा अंश. ती विरत नसेल आणि इंजिन कूलंटने थंड होणारं असेल तर हेड पॅकिंगवर संशय घ्या. निळसर आणि जळक्या ऑइलच्या वासाचा धूर हाच खरा विषय.

बांधताना बोअरला, पिस्टनला, वॉल्व्हला ऑइल लावलेलं असतं, ते जळणारच. त्याहून जास्त असतं सायलेन्सरमध्ये. जुनं इंजिन ऑइल खात होतं म्हणूनच बांधायला घेतलं असेल, तर त्याने सोडलेलं ऑइल सायलेन्सरच्या आत मुरलेलं असतं आणि तापल्यावर कितीतरी किलोमीटर धूर देत राहतं. दर खेपेला धूर कमी होत असेल तर थांबा. तेवढाच राहत असेल किंवा वाढत असेल तर पुढे जा.

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना धुराचा लोट येतो आणि मग थांबतो: वॉल्व्ह सील. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून उतरल्यावर पुन्हा थ्रॉटल दिला की लोट येतो: तेच, बहुधा इनटेक वॉल्व्हचा (हवा-पेट्रोल आत घेणारा). बंद थ्रॉटलमुळे इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि गाइडमधून (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) ऑइल ओढलं जातं. चढावर ओढताना धूर वाढतो आणि सतत राहतो: रिंगा किंवा बोअर.

आता खात्री करा. प्लग काढा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल, ओला चकचकीत काळेपणा म्हणजे ऑइल. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनचा माथा पाहा. कडेने सगळीकडे कार्बन धुतला जाऊन धातू दिसत असेल तर ऑइल रिंगांवरून वर येतंय. ओलं फक्त इनटेक वॉल्व्हच्या बाजूला असेल तर गाइड-सील.

मग कॉम्प्रेशन. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, आकडा स्थिरावेपर्यंत फिरवा. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा, न वाढला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. मात्र कॉम्प्रेशन चांगलं असूनही धूर येऊ शकतो, कारण वरच्या दोन रिंगा दाब अडवतात आणि ऑइल खरवडण्याचं मुख्य काम तिसरी करते.

आणि चूक बहुधा या तिसरीतच असते. तिच्या लाटदार स्प्रिंगची टोकं एकमेकांना टेकायला हवीत, एकावर एक चढली तर रिंग काम करत नाही. वरच्या रिंगांवरची खूण माथ्याकडे हवी. दुसरी रिंग उलटी बसली तर ऑइल खाली ओढण्याऐवजी वर नेते. रिंगांची तोंडं साधारण १२० अंशांवर विखुरलेली हवीत. सगळं बरोबर असूनही धूर असेल तर बोअर चकाकला असण्याची शक्यता आहे. नवं इंजिन तासभर आयडलला ठेवलं किंवा फारच जपून चालवलं की रिंगा बसण्याआधीच होनिंगच्या तिरक्या रेघा गुळगुळीत होतात. मधल्या गिअरमध्ये थोडा थ्रॉटल देणं, सोडणं, पुन्हा देणं, असं चालवल्याने रिंगा बसतात.

टूस्ट्रोकमध्ये धूर असतोच, पण तो अचानक दाट झाला आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होऊ लागलं तर क्लचकडचा क्रँक सील गेला. मॅग्नेटकडचा गेला तर हवा शिरते, आयडल आपोआप चढतं आणि पिस्टन जाम होण्याचा धोका असतो. तशी गाडी चालवू नका.

पहिल्या ५०० किमीत दर १०० किमीला पातळी त्याच पद्धतीने मोजून लिहून ठेवा. घट मंदावत असेल तर रिंगा बसत आहेत. तशीच राहिली आणि धूरही कायम असेल तर हेड उतरवा. आधी दोन्ही पोर्टमध्ये पाहा: इनटेक पोर्ट ओला असेल तर ब्लॉकला हात लावण्याआधी वॉल्व्ह सील आणि गाइड तपासा. ब्लॉक काढावाच लागला आणि बोअर चकाकलेला दिसला तर पुन्हा होन करून नवीन रिंगा घाला, चाललेल्या रिंगा परत बसवू नका.